सगळीकडून बारा

सोमवार, ३

आज सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर करून मी आत शिरलो, दिवा लावला आणि आठ महिने गोणपाटाखाली लपवून ठेवलेली चौकट बाहेर काढली. पॉलिशचा शेवटचा हात कालच दिला होता. ती टेबलावर आडवी ठेवली. मग खिशातून आमच्या लग्नाचा फोटो काढला. आमच्याकडे असलेला हा एकुलता एक, बारा सेंटिमीटर रुंद आणि आठ सेंटिमीटर उंच. तो चौकटीच्या मधोमध ठेवून पट्टी लावली. वर बारा, खाली बारा, डावीकडे बारा, उजवीकडे बारा. केसाएवढाही फरक नाही. मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. मग फोटो घेऊन लॅबवाल्याकडे गेलो आणि सांगितलं, चौकटीचं आतलं माप छत्तीस बाय बत्तीस आहे, तेवढा मोठा करून दे, कडेला पांढरं दिसायला नको.

अठ्ठावीस तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं होतील. जगाच्या फोटोंना फ्रेमा करणाऱ्याच्या घरात भिंतीवर नुसतं कॅलेंडर, असं ही पहिल्या वर्षापासून म्हणत आली आहे. यंदा तोंड बंद करायचं, असं मी ठरवलं. एका जुन्या दाराची शिसवी फळी मिळाली होती, तिची चौकट केली. चारी बाजूंनी वेल कोरली, चार कोपऱ्यांत चार फुलं. प्रत्येक फूल अर्धं आडव्या लाकडावर आणि अर्धं उभ्या. सांधा जुळला की फूल पुरं होतं. सव्वीस वर्षांच्या धंद्यात माझ्या हातून इतकं चांगलं काही झालेलं नाही. हे गर्वाने लिहीत नाही. थोडं गर्वाने लिहितो आहे.

बुधवार, ५

लॅबवाल्याला सगळे झटपट म्हणतात. फोटो त्याने खरंच झटपट दिला, आणि तो चौकटीत असा बसला की कुठे फट म्हणून नाही. फक्त आतली माणसं बदलली होती.

मी पाच फूट चार इंचांचा माणूस. या फोटोत मी सात फुटांच्या वर गेलो आहे. मान बाटलीच्या गळ्यासारखी, कान सशाला शोभतील असे. शेजारी ही, शिडीला कपडे घातल्यासारखी. झटपटला विचारलं, तर तो म्हणाला, दादा, तुम्ही माप दिलं, मी माप भरलं. मूळ फोटो त्या मापात बसेना, म्हणून मशीनने ओढून बसवला. मी म्हटलं, बसेना म्हणजे काय, मी स्वतः मोजून सगळीकडून सारखं वाढवलं आहे. तो म्हणाला, मग मशीन बिघडलं असेल.

मलाही तसंच वाटतं. फोटो प्लायवूडच्या मागे लपवून ठेवला आहे.

गुरुवार, ६

लपवलेली वस्तू हिला सापडत नाही असं कधी झालेलं नाही. दुपारी डबा घेऊन आली, प्लायवूडमागून झाडू काढायला गेली आणि फोटो घेऊन बाहेर आली.

“अहो, हे दोन दिव्याचे खांब कुणाचे?”

मी सगळं सांगितलं. चौकटही दाखवली, आता लपवून काय उपयोग. चौकटीवरून तिने बोट फिरवलं, चारही फुलांवरून, आणि काही बोलली नाही, म्हणजे आवडली. मग चष्मा लावून फोटो पाहू लागली. फोटोच्या डाव्या कडेला कुणाचा तरी हात आला आहे, कोपरापासून पुढचा. हिच्या खांद्यावरची कपड्याची घडी सारखी करतो आहे. फोटो काढणाऱ्याचं लक्ष नसावं. मोठ्या फोटोत त्या हाताच्या मनगटावरचा भाजल्याचा डागसुद्धा दिसतो. ही कितीतरी वेळ पाहत राहिली. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पाहिलं. बायकांना आपण बारीक दिसलेलं आवडतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी म्हणालो, छान बारीक दिसतेस.

तिने माझ्यासमोरचा डबा उचलला आणि घरी गेली. माझं अर्धं जेवण व्हायचं होतं.

रविवार, ९

झटपटने उपाय काढला. ओढायचं नाही असं ठरलं, तर उंची बरोबर आणताना रुंदी अठ्ठेचाळीस होते. चौकटीत मावतात छत्तीस. म्हणजे बारा कापावे लागतील. मी म्हटलं, सहा इकडून, सहा तिकडून. त्याने पट्टी ठेवून दाखवलं, तर उजवीकडून माझा एक कान आणि गालाचा काही भाग जात होता. डावीकडे नुसता तो हात आहे. म्हणून सगळे बारा डावीकडूनच कापायचे ठरले. हात गेला तर फोटो उलट स्वच्छच होईल. झटपट म्हणाला, मशीनचा परत घोटाळा नको, मी मूळ फोटोच डावीकडून तीन सेंटिमीटर कापून घेतो. कर म्हटलं. शुक्रवारी देणार आहे.

घरी येऊन हिला सांगितलं की तो आगंतुक हात काढून टाकतो आहोत. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कापा.”

माझं म्हणणं तिने एका शब्दात मान्य करण्याची ही पंचवीस वर्षांतली पहिली खेप. मन प्रसन्न झालं. संध्याकाळच्या भाजीत मीठ नव्हतं, पण मी काही बोललो नाही. तीही तशीच जेवली, तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

बुधवार, १२

तीन दिवस घरात शांतता आहे. देवापुढे बसलं की मन लगेच स्थिर होतं. ही मला हवं ते सगळं हातात देते आणि बोलत नाही. वय झालं की माणसं शांत होतात, असं वाचलं होतं.

आज शाळेतल्या गणिताच्या बाई वर्गासाठी केलेले तक्ते मढवायला घेऊन आल्या. एका तक्त्यावर एकाच कोपऱ्यातून निघालेले पाच आयत होते, एकात एक, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि त्या कोपऱ्यातून निघालेली एक तांबडी रेघ सगळ्यांच्या समोरच्या कोपऱ्यांतून सरळ गेली होती. मी विचारलं, ही रेघ कशाला. बाई म्हणाल्या, हे पाचही आयत एकाच आयताच्या प्रती आहेत, फक्त लहानमोठ्या. प्रत खरी असेल तर तिचा कोपरा या रेघेवरच येतो. खोटी असेल तर चुकतो.

मी म्हटलं, आमच्या धंद्यात रेघ लागत नाही. आम्ही सगळीकडून सारखं वाढवतो. आणि चौकट दाखवली.

बाईंनी चौकटीचं कौतुक केलं, मनापासून केलं. मग म्हणाल्या, दोरा आहे का. मूळ फोटो लॅबमध्ये होता, म्हणून मी बारा बाय आठचा पुठ्ठा कापला. तो त्यांनी चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात बसवला, त्याच कोपऱ्यात दोरा धरला, पुठ्ठ्याच्या समोरच्या टोकावरून नेला आणि ताणला. दोरा चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात जायला हवा होता. तो उजव्या लाकडाला कोपऱ्याच्या खाली लागला. मोजलं, आठ सेंटिमीटर खाली.

मी दोरा बदलला. दुसराही तिथेच लागला.

“बाई, मी दोन्ही बाजूंना चोवीस-चोवीसच वाढवले. कुणावर अन्याय केला नाही.”

“तोच झाला ना अन्याय. बाराला चोवीस दिलेत, तो तिप्पट झाला. आठाला चोवीस दिलेत, तो चौपट झाला. आता आतला माणूस बिचारा काय करणार? उंच होणार.”

सातवीतल्या मुलांचं याच ठिकाणी चुकतं, असंही त्या म्हणाल्या. त्या मला धीर देत होत्या. मी सातवीपर्यंतच शिकलो आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. आमच्या खेड्यात एक खोली, एक मास्तर आणि सात इयत्ता. सातवीला आयतांचा धडा आला त्या आठवड्यात मास्तरांची म्हैस व्यायली, आणि ते परत आले ते थेट व्याजावर. हे सगळं तिथून सुरू झालेलं दिसतं.

बाई गेल्यावर बराच वेळ बसून होतो. चौकट चुकली आहे, हे मला कळलं आणि बाईंना कळलं. तिसऱ्या कुणाला कळायची काय गरज आहे? परवा फोटो कापून आला की चौकट शाबूत राहते. हा विचार मला सुचला, आणि तो देवाने सुचवलेला नाही हेही त्याच क्षणी कळलं. पण तो मी सोडला नाही.

गुरुवार, १३

दिवसभर गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून वहीत मांडत बसलो. फोटो न कापता, न ओढता या चौकटीत बसवायचा आणि उरलेल्या जागेत पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट ठेवायचा, पण माउंटची पट्टी सगळीकडून सारखी हवी. हा आमचा नियम आहे, तो मोडत नाही. एक सेंटिमीटरची पट्टी ठेवली, आत उरलेलं माप तपासलं, प्रत जुळेना. दोनची ठेवली, जुळेना. तीन, चार, पाच. मला वाटलं पुढे कुठेतरी जुळेल. जेवायच्या सुट्टीत सात झाले. अकराला थोडी आशा वाटली. बाराला एकदम जुळलं. आनंदाने पाहिलं, तर आत बारा बाय आठ. म्हणजे मूळचाच फोटो. मी सकाळपासून चौदा पानं खर्चून जिथून निघालो तिथे पोचलो होतो.

म्हणजे मी फोटो मोठा करायची चौकट केलीच नव्हती. आहे त्या फोटोला जाड पट्टी लावली होती.

मग दुसराच विचार आला आणि घाम फुटला. सव्वीस वर्षं मी लोकांचे फोटो वाढवून देतो आहे, सगळीकडून सारखे. थोडं वाढवलं तर कळत नाही, जास्त वाढवलं तर कळायला हवं होतं. पोस्टमनच्या वडिलांचा आडवा फोटो मी वाढवून दिला तेव्हा पोस्टमन म्हणाला होता, बाबा फार रोडावलेले दिसतात. मी म्हटलं होतं, शेवटी शेवटी आजारपणात माणूस उतरतोच. तो म्हणाला, पण फोटो तर त्यांच्या तरुणपणीचा आहे. मी म्हटलं होतं, आजार आत असतो.

देवा, क्षमा कर.

शुक्रवार, १४

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी चहाच्या वेळी मी हिला म्हटलं, आज फोटो येईल. शांतता मोडावी म्हणून आणखी म्हटलं, तो हात कुणाचा होता कोण जाणे, फोटोवाल्याच्या मदतनिसाचा असेल. हिने कपबशी खाली ठेवली.

“तुम्हाला माहीत नाही?”

मी म्हटलं, काय.

“माझ्या आईचा आहे तो.”

मग तिने सांगितलं. सासूबाई फोटोला फार लाजायच्या. कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात. त्या दिवशी हिच्या खांद्यावरची घडी विस्कटलेली त्यांना दुरून दिसली, राहवलं नाही, म्हणून हात पुढे करून त्या ती सारखी करत होत्या, तेवढ्यात फोटोवाल्याने बटण दाबलं. लग्नानंतर सात महिन्यांत त्या गेल्या. दुसरा फोटो कुणाकडेच नाही. त्यांच्या माहेरीही नाही.

“मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे,” ही म्हणाली. “म्हणून तर कापा म्हटलं. माहीत असून कापतायत, तर कापू दे.”

मी चहा तसाच ठेवून निघालो. झटपटच्या दुकानापर्यंत धावलो. या वयात मी शेवटचं कधी धावलो होतो आठवत नाही. लोक वाटेत बाजूला होत होते. एकाने विचारलं, काय झालं हो, मी म्हटलं, फोटो, आणि पुढे गेलो. झटपट काउंटरवर होता. माझ्याकडे पाहून तो आधीच माफी मागू लागला. दादा, रागावू नका, आठवडाभर ओळखपत्रांच्या फोटोंची गर्दी होती, तुमचं काम अजून हातात घेतलेलं नाही. मूळ फोटो पाकिटात जसाच्या तसा होता.

झटपट या नावाला तो एकदाच जागला नाही, आणि मी त्याचा जन्माचा ऋणी झालो. फोटो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून मी घरी आलो आणि हिच्या हातात दिला. ती म्हणाली, घामाने भिजवला नाहीत ना. पाच दिवसांनंतरचा हा तिचा पहिला टोमणा.

पंचवीस वर्षं हा फोटो मी खिशात, पाकिटात, ट्रंकेत बाळगला. माप तेवढं मला तोंडपाठ होतं.

सोमवार, १७

आता तीन वाटा आहेत. चौकट मोठी करायची, तर फळी संपली, आणि नवी वेल कोरायला महिने हवेत. दुसरी, फोटो छत्तीस बाय चोवीसचा करायचा, म्हणजे बरोबर तिप्पट, आणि वर-खाली चार-चार सेंटिमीटरच्या पांढऱ्या पट्ट्या ठेवायच्या. बाजूंना काहीच नाही. करून पाहिलं. अर्धा पडदा ओढलेल्या खिडकीसारखं दिसतं. तिसरी वाट म्हणजे चौकटीची दोन्ही उभी लाकडं आठ-आठ सेंटिमीटर कापायची. वरून चार, खालून चार. मग तिरकस काप नव्याने घेऊन सांधे जुळवायचे. पण त्यात उभ्या लाकडांवरची फुलांची अर्धकं जातात. चारही कोपऱ्यांत फूल अर्धंच राहणार.

हिला तिन्ही वाटा सांगितल्या. तिने ताबडतोब निकाल दिला. पट्ट्या लावा. चौकटीला हात लावाल तर मी बोलणार नाही तुमच्याशी. आठ महिने खपून केलेली वस्तू कापायला तुम्हाला काय वेड लागलंय का. पट्ट्या वाईट दिसत नाहीत. कुणी विचारलं तर सांगू, हल्ली अशीच पद्धत आहे.

माझ्या चुकीवर पांघरूण घालायला ही आपणहून निघाली आहे. मी तिच्या आईचा हात कापायला निघालो होतो, तेव्हा ती एक शब्द बोलली होती.

शुक्रवार, २१

झटपटने छत्तीस बाय चोवीसचा फोटो दिला. आम्ही दोघं आमच्या उंचीचे आहोत. माझे कान माझेच आहेत. सासूबाईंच्या मनगटावरचा डाग वाटाण्याएवढा, आणि तो वाटाण्यासारखाच गोल आहे, अंड्यासारखा नाही. ही म्हणाली, दूध उतू जाताना धरायला गेल्या होत्या, तेव्हाचा. मी विचारलं नव्हतं.

गणिताच्या बाई तक्ते न्यायला आल्या. त्यांना मी विचारलं, दोघांना सारखं देणं आणि दोघांना सारखं वाढवणं यांत जो फरक आहे, तो तुम्ही मुलांना कसा समजावता. त्या म्हणाल्या, मी दोरा देते, बाकीचं त्यांचं ती समजतात. मी आमच्या खेड्यातल्या गोठ्याबद्दल त्यांना सांगणार होतो. लहानपणी मी म्हशीला आणि पारडाला सारख्याच पेंढ्या टाकत असे आणि स्वतःला न्यायी समजत असे. पण त्यांना तास होता.

मंगळवार, २५

काल आणि आज मिळून चार वेळा करवत हातात घेतली आणि चार वेळा खुंटीला टांगली. दर वेळी काही ना काही आडवं आलं. एकदा गिऱ्हाईक आलं, एकदा लाइट गेली, एकदा माझी पाठ. चौथ्यांदा काहीच आडवं आलं नाही, म्हणून मीच दुकान झाडायला घेतलं.

खरं लिहायचं तर पट्ट्या लावलेल्या चौकटीत चूक कुणालाही दिसणार नाही. दुसऱ्या कारागिरालाही नाही. लोक फुलं पाहतील, वेल पाहतील, माझी वाहवा करतील, आणि मी भिंतीकडे पाहताना दर वेळी फक्त त्या दोन पट्ट्या पाहीन. पहाटे प्रार्थनेला बसलो, तर डोळ्यांसमोर चार-चार सेंटिमीटर.

आणखी एक आहे. चौकट वाचावी म्हणून मी फोटो कापायला तयार झालो होतो. हात कुणाचा हे माहीत नव्हतं, हे खरं. पण कुणाचा आहे हे विचारलंही नव्हतं.

शुक्रवार, २८

सकाळी सव्वासातला दुकान उघडलं. ही दहा वाजता डबा घेऊन येणार होती, म्हणून शटर पुरं वर केलं, लपूनछपून करायचं काही नव्हतं. चौकटीचे सांधे सोडवले. उभ्या लाकडांवर वरून चार, खालून चार मोजून पेन्सिलीने खूण केली. दोनदा मोजलं. मग आणखी एकदा मोजलं, कारण मापाच्या बाबतीत माझ्यावर माझा विश्वास आता पूर्वीसारखा नाही. हात जोडले आणि करवत चालवली. शिसवी लाकूड कापताना गोडसर वास येतो. आठ महिन्यांत तो मला कधी आला नव्हता.

चार अर्धी फुलं फळीवर पडली. तिरकस काप घेतले, सांधे जुळवले, गोंद लावला, चुका म्हणजे बारीक खिळे ठोकले, काच कापून बसवली. साडेनऊला फोटो आत गेला. कडेला पांढरं नाही, कुणी कापलेलं नाही, कुणी ताणलेलं नाही.

ही आली, तेव्हा मी करवत पुसत होतो. तिने आधी फळीवरचे तुकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. मला बोलणी बसणार होती, ती बसली, नीट शब्दांत आणि बराच वेळ. हट्टी, अडाणी, कुणाचं ऐकेल तर शपथ, आठ महिने मातीत घातले. मी ऐकून घेतलं. बोलता बोलता तिने चौकट स्वतःकडे वळवली आणि डाव्या कडेजवळची काच ओढणीच्या टोकाने पुसू लागली. ती स्वच्छच होती. तरी पुसत राहिली.

“फुलं अर्धी राहिली,” ती म्हणाली.

“हो.”

“राहू देत.”

संध्याकाळी घरी कॅलेंडर काढलं आणि त्याच खिळ्यावर चौकट लावली. उद्या पोस्टमन आला की त्याच्या वडिलांचा फोटो परत मागवणार आहे.